विचारून जागा देणाऱ्या अक्का

अक्कांच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला, की त्या कपाकडे नाही, आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या. "आलं घातलंयस काय रे?" आलं जमिनीच्या पोटात वाढतं, म्हणून त्यांना चालत नसे. बिस्कीट आलं की, "अंडं नाही न्हवं ह्यात?" फरसाण आलं की, "लसूण?" आमच्या माधवनगरच्या वर्कशॉपसमोर चहाची टपरी होती. तिथला टपरीवाला ह्या चौकशीनं इतका धास्तावला होता, की एकदा त्यानं नुसता पाण्याचा ग्लास पुढं केला आणि अक्कांनी तोंड उघडायच्या आत हात जोडले. "अक्का, ह्यात निस्तं पानी हाय. आईची आन." अक्कांनी ग्लास उजेडात धरला आणि शांतपणे विचारलं, "गाळलंयस?"

त्या मूळच्या सांगलीच्या. जैन घर, वडिलांचं हळदीचं दुकान. कॉम्प्युटर ही चीज आमच्या भागात कुणी बघितलीही नव्हती, तेव्हा त्यांनी पुण्यात राहून तो शिकून घेतला, काही वर्षं तिथं नोकरी केली आणि 'तिथलं पाणी मानवेना' म्हणून परत आल्या. मी भेटलो तेव्हा साठी जवळ आली होती. अंगावर काठाची सुती साडी, पायांत गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेले पळायचे बूट, आणि बोलणं आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखं 'मी आलो, मी जेवलो' असं.

वर्कशॉपात उसाच्या ठिबकासाठी डबे बनायचे. शेतात एक सळई रोवायची. ती मातीतला ओलावा मोजते आणि रेडिओवरून निरोप धाडते. विहिरीवरचा डबा तो निरोप वाचतो आणि मोटर चालू करायची का बंद, ते ठरवतो. पत्र्याचं आणि तारांचं काम मालक बघायचे. डब्यातलं डोकं, म्हणजे प्रोग्रॅम, अक्कांचा.

आणि प्रोग्रॅम लिहितानाही त्यांचं तेच, टपरीवरचं! आम्ही जी सी भाषा वापरायचो, तिच्यात आकड्यांचे प्रकार असतात. लहान आकडा, मधला आकडा, मोठा आकडा. मेमरी म्हणजे एकापुढं एक घरांची लांबलचक रांग, आणि त्या रांगेत प्रत्येक प्रकाराचं बसायचं म्हणणं वेगळं. लहान कुठंही बसतो. मधला एक आड एक घर धरतो. मोठ्याला चाराच्या पटीतलंच घर लागतं. ह्याला अलाइनमेंट म्हणतात, आणि चिप बदलली की हे नियमही बदलतात. कुणाचा नियम काय, हे विचारायला भाषेतच एक शब्द आहे, अलाइनऑफ. त्याला प्रकाराचं नाव द्यायचं, तो आकडा सांगतो. बाकीची दुनिया हे पुस्तकात एकदा वाचते आणि विसरून जाते. अक्का मात्र प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकेका प्रकाराला उभं करून विचारायच्या, आणि पडद्यावर उत्तरं उमटायची. एक. दोन. चार. 'अहो, हे आपल्याला माहीतच आहे की,' असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, "तुला माहीत असंल. ह्या चिपला माहीत हाय काय?"

आता माझं सांगतो. मी कडेगावचा. फौजेत सिग्नलमध्ये होतो, हवालदार म्हणून पेन्शनीवर घरी आलो तेव्हा चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. आमच्याकडं फौजेतून आलेल्या माणसाचं पुढं काय करायचं, हे त्याला सोडून सगळ्या गावाला ठाऊक असतं. दाजींनी साताऱ्यात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायची जागा बघूनसुद्धा ठेवली होती. वाईट काम नाही ते, माझे कितीतरी दोस्त करतात. पण आयुष्यभर उभाच राहिलो होतो हो मी! शेवटच्या पोस्टिंगमध्ये एका साहेबाच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंगची चव लागली होती, आणि मला आता बसून डोक्याचं काम करायचं होतं. माधवनगरच्या मालकांनी सांगितलं, "उन्हाळ्यापर्यंत अक्कांच्या हाताखाली राहा. त्या हो म्हणाल्या तर ठेवून घेतो." दाजी म्हणाले, "उन्हाळ्यापतूर बँकेला थोपवतो. म्होरं न्हाई." म्हणजे एकीकडं अक्कांचं टेबल आणि दुसरीकडं बँकेचं दार. मधे मी.

आणि पहिल्याच दिवशी माझी फे-फे उडाली. फौजेत वरून सांगितलेल्यावर 'जी' म्हणायचं असतं. अक्कांनी एक काम समजावलं आणि विचारलं, "पटलं काय?"

"जी, अक्का."

"का पटलं?"

आता ह्याला काय उत्तर देणार? इतक्या वर्षांत मला कुठल्या सुभेदारानं असं विचारलं नव्हतं. मी सावधान उभा. अक्का म्हणाल्या, "खाली बस आधी. आणि हे बघ हवालदार, मी सांगतो म्हणून काही पटवून घेऊ नको. मला विचार. मला नाही आलं तर चिपला विचार." मी म्हणालो, "जी, अक्का." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

जुन्या डब्यातली चिप मिळेनाशी झाली, म्हणून मालकांनी नवी आणली होती. अलाइनमेंटचं खरं महाभारत तिथं सुरू झालं. जुन्या चिपला अक्कांनी विचारलं होतं तेव्हा ती प्रत्येक प्रकाराला 'एक' म्हणाली होती, म्हणजे कुणीही कुठंही बसा. नवी चिप मोठ्या आकड्याला 'चार' म्हणत होती. बरं, चाराच्या पटीत नाही बसवला तर काय होईल? तर डबा जागच्या जागी बंद. मला हे डोक्यात शिरेना. एकाएकी मला आमचं रान आठवलं. "म्हणजे अक्का, जुनी चिप पाटपाण्याची. पाणी सगळीकडं फिरतंय, रोप कुठंबी लावा. आणि ही ठिबकाची. नळीला जिथं भोक तिथंच थेंब. रोप दोन भोकांच्या मधी लावलं की वाळलं."

अक्का खुर्चीतून उठल्याच. हळदीच्या दुकानात वाढलेल्या बाईला ठिबकाचे डबे बनवूनही ठिबकाची नळी जवळून बघायला मिळाली नव्हती. त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या, मालकांनी आणून टाकलेल्या नळीच्या वेटोळ्यापुढं उभ्या राहिल्या आणि बोटानं एकेक भोक चाचपून बघितलं. मग आत येऊन मालकांना म्हणाल्या, "ह्याला ठेवून घ्यायचं काय ते नंतर बघू, पण आज ह्याला माझ्या डब्यातलं थालीपीठ द्या." त्या दिवशी मी हवेत होतो.

पण लगेच जमिनीवरही आलो. डबा स्वतःजवळ जी नोंद ठेवतो, तिच्यात दोन-तीन आकडे एकत्र बांधलेले असतात. बॅटरीचा लहान आकडा, त्याच्या मागं ओलाव्याचा मोठा आकडा. मोठ्याला चाराच्या पटीतलं घर मिळावं म्हणून भाषा आपली आपणच मधली काही घरं मोकळी सोडते. मी ते छापून बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. रांगेत मोकळी जागा! अहो, परेडला माझ्या प्लाटूनमध्ये असा खड्डा दिसला असता तर मी अख्ख्या मैदानाला पळायला लावलं असतं. घरं सोडू नको, सगळ्यांना चिकटून बसव, असंही सांगायची सोय भाषेत असते. मी तो हुकूम सोडला, रांग खांद्याला खांदा लावून उभी केली, ओलाव्याच्या आकड्याचा पत्ता पुढच्या कामाला दिला आणि छाती काढून अक्कांना बोलावलं. डब्यावर लाल दिवा लागला आणि डबा मेला.

"मधली घरं कुठं गेली?" अक्कांनी विचारलं.

"काढली, अक्का. रांग तुटकी दिसत होती."

"कुणाला विचारलास?"

"कुणालाच नाही. दिसताक्षणी बंद केली."

अक्कांनी माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, आणि त्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. पदर तोंडाला लावून त्या मालकांना हाका मारायला लागल्या. "अहो, इकडं या! हवालदारानं आकड्यांची परेड घेतली!" मालक आले, कामगार आले, टपरीवालासुद्धा कप न्यायच्या निमित्तानं आला. माझे कान लाल झाले होते. सगळे पांगल्यावर मात्र अक्का खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "ती मोकळी घरं चुकून राहिलेली नाहीत रे. मागच्याला नीट बसता यावं म्हणून पुढच्यानं सोडलेली हाईत." मग ते सगळं त्यांनी माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं, प्रत्येकाला विचारून.

हिवाळ्यात मी त्यांना कडेगावला घरी जेवायला बोलावलं. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून आई आणि बायको दुपारपासून चुलीपाशी. मी आधीच बजावून ठेवलं होतं, कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. अक्का पाटावर बसल्या आणि सुरू. आमटीत काय? भाजीत काय? कूट कधीचं? आईचा चेहरा उतरत चालला. शेवटी ती बोललीच, "आवं बाई, आमी काय इख घालतोय व्हय?" अक्का शांत. म्हणाल्या, "तसं न्हवं, आत्याबाई. वास लय वेगळा येतोय, म्हणून विचारतो. कांद्याबिगर एवढी चव कशानं आली?"

आई पदरानं हात पुसत खाली बसली आणि सांगायला लागली. तीळ किती भाजायचे, कारळं कवा घालायचं, तिच्या आईनं तिला कसं शिकवलं. बोलता बोलता तिचे डोळे भरले. "इतकी वर्सं रांधतीया," ती म्हणाली, "पन आमटीत काय घालतीस म्हून ह्या घरात कुनी इचारलंच न्हाई." खरं होतं ते. आम्ही सगळे नुसते ओरपत आलो होतो. अक्का गाडीत बसेपर्यंत आई त्यांचा हात सोडायला तयार नव्हती, आणि त्यानंतर दर आठवड्याला माझ्या डब्याबरोबर एक डबा अक्कांचा जायला लागला. त्याच्यात काय काय आहे ते आई न विचारता पाठ करून पाठवायची, आणि मला ते सगळं माधवनगरात म्हणून दाखवावं लागायचं.

असा उन्हाळा आला. पलूसच्या काही शेतकऱ्यांनी मिळून डबे घ्यायचं मनावर घेतलं होतं. त्यांच्या रानात डबा लावून दाखवायचा दिवस ठरला. तो डबा चालला तर मोठी मागणी येणार होती आणि मालक माझ्याबद्दल ठरवणार होते. इकडं दाजींचा फोन, "बँकवाले इचारत्यात. सोमवारी हो का न्हाई ते सांग." आदल्या दिवशी दुपारी डबा टेबलावर झकास चालत होता. सळई भिजवली की मोटर बंद, वाळवली की चालू. मालकांनी खोकं आणि थर्माकोल आणून ठेवला होता. अक्का म्हणाल्या, "झालं. बांधा."

आणि माझी नजर एका ओळीवर अडकली.

ती ओळ अक्कांची, जुन्या डब्यातून जशीच्या तशी आणलेली. रेडिओवरचा निरोप येतो तो सुट्या बाइटांचा येतो, म्हणजे सगळ्यांत लहान आकड्यांचा. ते बाइट एका रांगेत साठवून ठेवले होते, आणि त्यांच्यातले पहिले चार मिळून ओलाव्याचा मोठा आकडा म्हणून थेट वाचले होते. मी परत वाचलं. बोललो आणि माझंच चुकलं असलं, तर दुसऱ्यांदा गावभर हसं आणि सोमवारी बँक. बोललो आणि बरोबर निघालं, तरी जिच्या एका शब्दावर माझी नोकरी होती, तिलाच मालकांसमोर खोटं पाडायचं. फौजेत मुरलेलं सगळं अंग मला सांगत होतं, गप बस गड्या, वरून हुकूम झालाय.

"अक्का," मी म्हणालो, "एक विचारू?"

मालक चिकटपट्टी ओढत होते, ते थांबले.

"ह्या बाइटांच्या साठ्याला विचारलंय काय, तो कुठं बसतो?"

"बाइटला काय विचारायचं?" अक्का म्हणाल्या. "त्याचं उत्तर एक. ते कुठंबी बसतात."

"तेच म्हणतोय मी. तो कुठंबी बसतो, आणि त्याच्या जागेवर आपण चाराचा आकडा वाचतोय."

अक्कांनी चष्मा सारखा केला आणि त्या साठ्याचा पत्ता पडद्यावर छापला. चाराच्या पटीत होता. "बघ, बसलाय की नीट," त्या म्हणाल्या. आवाज जरा कडक होता. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तरी म्हणालो, "आज बसलाय, अक्का. पण तिथंच बस असं त्याला कुणी सांगितलंय?" आणि मी त्या साठ्याच्या आधी एक लहानसा, बिनकामाचा आकडा घुसवला. रांग एका घरानं सरकली. सळई भिजवली. लाल दिवा लागला. डबा मेला.

अक्का त्या लाल दिव्याकडं बघत बसल्या. मला वाटलं, संपलं, आता साताऱ्याला जाऊन बंदूक पुसा. मग त्यांनी हळूच विचारलं, "हे मी लिहिलोय न्हवं?" आणि हसल्या. परेडच्या दिवशी हसल्या होत्या तसं नाही, एकदम मोकळं, अंगावरचं ओझं उतरवल्यासारखं. "सगळ्यांना विचारलो, आणि ह्यालाच तेवढं राहिलं," त्या म्हणाल्या. जसं अलाइनऑफनं विचारता येतं, तसं अलाइनअॅज म्हणून हुकूमही देता येतो, की बाबा तू चाराच्या पटीतच बस. तो हुकूम त्यांनी मला लिहायला लावला. "हे तुझ्या सवयीचं," म्हणाल्या. मी घुसवलेला बिनकामाचा आकडा तसाच ठेवून डबा परत लावला. सळई भिजवली. मोटर बंद. वाळवली. मोटर चालू.

दुसऱ्या दिवशी पलूसला डबा असा चालला, की एक म्हातारे शेतकरी सळईपाशी उकिडवे बसून तांब्या तांब्यानं पाणी ओतत राहिले आणि मोटर बंद झाली की टाळ्या वाजवायला लागले. "लय गुणाचा हाय रं ह्यो," असं डब्याला म्हणाले. सगळ्यांनी मिळून मागणी नोंदवली. जाताना अक्कांना उसाचा रस आला. अक्का म्हणाल्या, "ह्यात आलं?" आणि मी मोठ्यानं हसलो.

परतताना मालक गाडी चालवत होते, मी शेजारी, अक्का मागं. भिलवडी मागं पडल्यावर मालक म्हणाले, "हवालदार, एक तारखेपासून रीतसर या. अक्कांच्या टेबलावर आता तुम्ही बसायचं."

काय सांगू तुम्हाला! उडी मारायला गाडीचं छत आडवं आलं. आधी दाजींना फोन करायचा, मग आईला, असं मनात चाललेलं असतानाच ते वाक्य माझ्या कानात परत वाजलं.

"अक्कांच्या टेबलावर? मग अक्का कुठं बसणार?"

मालक रस्त्याकडं बघत राहिले. मागून अक्का म्हणाल्या, "हुबळीला. पोरगी कवापासनं बोलवतीय. तिला दिवस गेलेत, आणि माझे गुडघे पण हे असे."

"पण मग आधी का नाही गेलात?"

"जाणार कसा? एवढ्या लोकांच्या विहिरीवर माझे डबे हाईत. माझं चुकलेलं मला तोंडावर सांगणारं कुणी मिळाल्याबिगर हलायचं न्हाई, असं ठरवलो होतो. 'जी अक्का' म्हणणारे लय येऊन गेले. काल तू मला अडवलास. काल घरी गेलो आणि पहिलं पोरीला फोन केलो, येतो म्हणून."

उसाची रानं मागं पळत होती. "म्हणजे काल मी गप्प बसलो असतो..."

"तर मी राहिलो असतो," अक्का म्हणाल्या, "आणि तू गेला असतास साताऱ्याला."

फौजेत जाताना दर खेपेला आई एसटीच्या खिडकीला धरून रडायची आणि मी दगडासारखा बसून असायचो. त्या दिवशी मात्र चालत्या गाडीत, मालकांच्या शेजारी, मला हुंदका फुटला. मालकांनी घाबरून गाडी कडेला घेतली. मागून अक्कांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"रडतोस कशाला रे? नोकरी लागली की तुला."

"म्हणून तर," मी म्हणालो.